घोड्याजवळ जाताना हेल्मेट: कधी चढवायचं, कधी फेकायचं?

खरारा

घोड्यावर बसताना हेल्मेट हवं, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. एफईआयने (घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने) १ जानेवारी २०२१ पासून आपल्या जवळपास सगळ्या स्पर्धांत ते सक्तीचं केलं आणि ड्रेसाजमधली (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेतली) टॉप हॅटही गेली. धागा काढायचं कारण निराळं आहे. खरारा करणं, खूर साफ करणं, दोरीवर गोल फिरवणं, ट्रेलरमध्ये चढवणं, कुरणात सोडणं ही सगळी कामं जमिनीवर उभं राहून होतात आणि त्या वेळी हेल्मेट खुंटीवर लटकत असतं. तबेल्याची नियमावली नव्याने लिहायची आहे, म्हणून तीन गोष्टींवर जाणकारांचं मत हवंय.

जमिनीवरच्या कोणत्या कामांना हेल्मेट सक्तीचं करावं? कोणत्या मानकाचं घ्यावं? आणि ते बाद कधी करावं?

अनुभवकथन नको, नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

पिछाडी

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणून माणसं मागून जायचं टाळतात आणि बाजूला मात्र निर्धास्त वावरतात. घोडं पेंड खातं ते इथे.

मागचा खूर साफ करतानाची स्थिती डोळ्यांपुढे आणा. तुम्ही घोड्याच्या कुशीला लागून, शेपटीकडे तोंड करून वाकलेले. हात पुठ्ठ्यावरून खाली सरकत पायाच्या सांध्याखाली आलाय. तुमचं डोकं आता घोड्याच्या पोटाच्या रेषेत आणि त्याच्या मागच्या पायापासून जेमतेम हातभर. पोटाला माशी चावली की घोडा तोच पाय पुढे आणून पोटाखाली झटकतो. त्यात राग नाही, लाथ मारायचा इरादाही नाही. पण नाल ठोकलेला खूर नेमका तुमच्या कानशिलाच्या उंचीवरून जातो. शांत घोडाही हे करतो, म्हणून 'आमचा घोडा लाथ मारत नाही' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

दुसरी जागा कुरणाचं फाटक. घोड्याला आत नेऊन लगेच मोहरकी काढली, तर तो जागच्या जागी वळून आनंदाने दुगाण्या झाडत पळतो आणि त्या तुमच्या तोंडासमोर पडतात. आत गेल्यावर घोड्याला पूर्ण वळवून त्याचं तोंड फाटकाकडे करा, स्वतः फाटकाला पाठ लावून उभे राहा, मग मोहरकी सोडा आणि एक पाऊल मागे बाहेर. आता पळायला त्याला आधी वळावं लागतं, तेवढ्यात तुम्ही निसटलेले असता. दोन-तीन घोडे एकदम सोडायचे असतील तर सगळ्यांची तोंडं वळल्यावर एकाच वेळी सोडा. एक आधी सुटला की बाकीचे हातातच उधळतात.

तिसरी जागा ट्रेलर. अरुंद, छत खाली, पायाखाली उतरण. घोडा मान वर उडवतो, त्याचं डोकं छताला लागतं, तो घाबरून मागे खेचतो किंवा पुढचे पाय उचलतो. समोर उभा असलेला माणूस आडवा दांडा आणि घोडा यांच्यामध्ये सापडतो. इथे हेल्मेट आणि हातमोजे दोन्ही सक्तीचे करा. मागचा दांडा लागण्याआधी पुढे बांधायचं नाही आणि उतरवताना आधी पुढची दोरी सोडल्याशिवाय मागचा दांडा काढायचा नाही. बांधलेला घोडा मागे सरकू लागला आणि दोरीचा हिसका बसला की घाबरून अंग टाकतो.

लंजिंगही (दोरीवर गोल फिरवणं) यादीत घ्या. वर्तुळ लहान केलं की घोडा आत वळून पुठ्ठा तुमच्याकडे करतो आणि झाडतो.

शंकासुर

सगळं मान्य. पण खरारा करायलाही हेल्मेट? दिवसभर डोक्यावर अर्धा किलो वजन, वर घाम. माणसं कंटाळून बक्कल उघडं ठेवतील, मग नियम फक्त कागदावर. शिवाय कपाळावर पुढे आलेल्या टोकामुळे वरचं दिसत नाही. घोड्याच्या मानेखालून वाकताना टोक त्याच्या जबड्याला लागतं आणि तो बुजतो. सरसकट सक्तीपेक्षा माणसाला घोडा वाचायला शिकवणं जास्त उपयोगाचं.

पिछाडी

शंकासुर, टोकाचा मुद्दा रास्त आहे. जमिनीवरच्या कामाला लवचीक, आखूड टोकाचं किंवा बिनटोकाचं हेल्मेट बरं. मानेखालून वाकून जाणं मात्र मुळातच बंद करा. घोडा पुढचा पाय मारतो किंवा पुढे झेपावतो ते तिथेच. पलीकडे जायचं तर पुठ्ठ्यावर हात ठेवून, अंगाला चिकटून मागून जा म्हणजे लाथेला जोर धरायला अंतरच मिळत नाही. नाहीतर तीन-चार मीटर लांबून वळसा घाला. दीड मीटरवरून जाणं सगळ्यांत वाईट, तिथे लाथ पूर्ण ताणात पोचते.

घोडा वाचता यायलाच हवा. पण बरोबर कपाळासमोर आणि बरोबर पाठीमागे त्याला दिसत नाही, आणि दचकून प्रतिक्रिया द्यायला त्याला तुमच्यापेक्षा कमी वेळ लागतो. कान मागे पडलेले तुम्हाला दिसेपर्यंत पाय निघालेला असतो.

फुटपट्टी

मानकांबद्दल लिहितो. हेल्मेटच्या आत, बहुधा अस्तराखाली, लेबल असतं. तिथे यांपैकी काहीतरी दिसलं पाहिजे: अमेरिकेचं एएसटीएम एफ११६३ आणि सोबत एसईआयचं चिन्ह, ब्रिटनचं पास ०१५, युरोपचं व्हीजी१ ०१.०४० २०१४-१२, ईएन १३८४ ची नवी आवृत्ती, स्नेल ई२०१६ किंवा ई२०२१, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं एएस/एनझेडएस ३८३८. जुनं ईएन १३८४ मागे घेतलं गेलं, मधल्या काळासाठी व्हीजी१ आलं आणि मग ईएन १३८४ सुधारून परत आलं. त्यामुळे नुसतं 'ईएन १३८४' वाचून थांबू नका, पुढचं साल बघा. २०१२ असेल तर जुनं.

एसईआय (अमेरिकी) किंवा काइटमार्क (ब्रिटिश) या प्रमाणन-चिन्हांना वेगळी किंमत आहे. एक नमुना पास झाला आणि विषय संपला, असं त्यात नसतं. नंतर कारखान्यातून निघणारा मालही तपासला जातो. 'मानकानुसार बनवलेले' आणि 'मानकानुसार प्रमाणित' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिसायला हुबेहूब पण आत लेबलच नाही, अशी शोभेची टोपी सर्रास विकली जाते.

नवखा

सायकलचं हेल्मेट घरात आहे. सुरुवातीचे धडे तेवढ्यावर चालतील का?

फुटपट्टी

नाही. सायकलच्या हेल्मेटला मोठ्या खिडक्या असतात, त्यातून खुराची किंवा नालेची कड सरळ आत येऊ शकते. स्वारीच्या हेल्मेटची चाचणी सपाट ऐरणीवर होतेच, शिवाय टोकदार कडेच्या ऐरणीवरही होते. एएसटीएममध्ये सपाटवर १.८ मीटर आणि कडेवर १.३ मीटरवरून पाडतात, आणि आतल्या नकली डोक्याला बसणारा धक्का ३०० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटीच्या) आत राहावा लागतो. काही मानकांत बाजूने दाबूनही बघतात, कारण अंगावर घोडा पडतो तेव्हा आदळणं कमी आणि चिरडणं जास्त असतं. मानेकडचा आणि कानशिलांचा भागही स्वारीच्या हेल्मेटमध्ये खालपर्यंत झाकलेला असतो.

मोटारसायकलचं उलट बाजूने चुकतं. जड, कान बंद, बाजूचं दिसत नाही. क्रिकेटचं चेंडूसाठी बनवलेलं. ज्याचं काम त्याला.

शंकासुर

१.८ मीटर? घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं अडीच मीटरवर असतं. म्हणजे चाचणीच अपुरी नाही का?

फुटपट्टी

प्रश्न चांगला आहे. अडीच मीटरवरून सरळ डोक्यावर पडलात तर वेग सेकंदाला ७ मीटर, म्हणजे तासाला २५ किमी. १.८ मीटरवरून साधारण ६ मीटर, म्हणजे २१ किमी. पण पडताना बहुतेकदा हात, खांदा, कूल्हा आधी टेकतात आणि डोकं थोडी ऊर्जा गमावून येतं. उलट घोडा दौडत असेल तर त्याचा वेग वर मिळतो. म्हणून मानक हा किमान उंबरठा समजा, हमी समजू नका.

हेल्मेट नेमकं काय करतं ते आकड्यात बघा. सेकंदाला ६ मीटरने येणारं डोकं दगडावर २ मिमीत थांबलं, तर सरासरी धक्का ९०० जी. तेच १५ मिमीत थांबलं तर १२० जी. ते जास्तीचे १३ मिमी कुठून येतात? आतल्या पांढऱ्या फोमच्या चिरडण्यातून. बाहेरचं कवच फक्त मार पसरवतं आणि टोकदार वस्तू अडवतं. जीव वाचवतो तो स्वस्त दिसणारा थर. आणि तो एकदाच चिरडतो, परत फुगत नाही. बाद कधी करायचं याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

काही हेल्मेटांवर 'मिप्स' लिहिलेलं असतं, त्याबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. त्यांच्या आत एक घसरणारा पातळ थर असतो, तो डोक्याला १० ते १५ मिमी सरकू देतो. तिरक्या पडण्यात मेंदूला जो पीळ बसतो तो त्याने कमी होतो. उपयोगी आहे, पण माप चुकलेलं मिप्स बरोबर मापाच्या साध्या हेल्मेटपेक्षा वाईट. मॉडेलांची तुलना हवी असेल तर व्हर्जिनिया टेकची प्रयोगशाळा २०२२ पासून स्वारीच्या हेल्मेटांना तारे देते. त्या यादीत महागडं हेल्मेट वरच असतं असं नाही.

दुडकीवाली

मापाचं बघू या, कारण शिकवताना सगळ्यांत जास्त चुका इथेच दिसतात.

भुवयांच्या वर सुमारे अडीच सेंमी आणि मागे डोक्याचा जो भाग सगळ्यांत बाहेर आलेला असतो तिथून फीत फिरवा. तीनदा मोजा, सगळ्यांत मोठा आकडा घ्या. ५७ आला तर ५७. पण आकडा अर्धंच सांगतो. काहींचं डोकं वरून पाहिलं तर लांबट असतं, काहींचं गोल. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं की कपाळावर आणि मागे टोचतं, कानांच्या वर मात्र बोट जाईल एवढी फट राहते. गोल डोक्यावर लांबट घातलं की कानशिलं दुखतात आणि पुढे-मागे हलतं. अशा वेळी माणूस एक माप मोठं घेतो. ती चूक. त्याच मापाचं वेगळ्या आकाराचं घ्या.

घालताना कपाळाकडून सुरू करून मागे उतरवा. कड भुवयांच्या वर एक-दोन बोटं, आडवी, सरळ. टोपीसारखं मागे कललेलं नको. आता बक्कल न लावता डोकं जोरात हलवा. मग हेल्मेट हाताने धरून हळूच डावी-उजवीकडे फिरवा. भुवया आणि कपाळाची कातडी हेल्मेटसोबत सरकली पाहिजे. कातडी स्थिर आणि हेल्मेट फिरतंय, तर सैल. पंधरा मिनिटं डोक्यावर राहू द्या. एकाच जागी लाल वळ उमटला तर आकार चुकला.

पट्टा: कानाखाली दोन पट्ट्या जिथे मिळतात तो सांधा कानाच्या पाळीच्या लगेच खाली. हनुवटीखाली एक बोट जाईल इतपत घट्ट. तोंड मोठं उघडलं की हेल्मेट डोक्यावर किंचित खाली दाबलं गेलं पाहिजे. शेवटी दुसऱ्याला सांगा की मागची कड धरून वर आणि पुढे ढकल. डोळ्यांवर उलटलं तर पडताना पहिल्याच धक्क्याला ते डोक्यावरून जाणार. मागच्या चाकाने आवळून ही चूक झाकू नका. चाक शेवटची सूत-दोन सूत जुळवायला आहे, मापाची कमतरता भरायला नाही.

नवखा

आणि लांब केस? अंबाडा घालून हेल्मेट बसतच नाही.

दुडकीवाली

अंबाडा हेल्मेटच्या आत कधीच नको. तो हेल्मेट वर उचलतो, पुढे ढकलतो आणि आघात बसला तर सगळा जोर त्या एका गोळ्यावर. मानेच्या अगदी खाली सैल वेणी घाला, टोकाला कापडी रबर. पिना, क्लिप, चिमटे सगळे काढा. खरेदीला जाताना जशा केसांनी स्वारी करणार तशाच केसांनी जा. दाट केसांची मोकळी आणि बांधलेली मापं एक माप इकडे-तिकडे होऊ शकतात.

मुलांना 'वाढत्या अंगाचं' घेऊ नका. स्वेटर तसा घेतात, हेल्मेट नाही. दर सहा महिन्यांनी परत माप घ्या. तबेल्याची सामाईक हेल्मेटं असतील तर प्रत्येकावर माप आणि खरेदीचा महिना ठळक लिहा, पण आतल्या अस्तराच्या चिठ्ठीवर. कवचावर मार्कर किंवा स्टिकर नको, त्यातली रसायनं काही प्लॅस्टिकांना ठिसूळ करतात.

खरारा

रसायनांवरून विचारतो. माश्यांचा स्प्रे हेल्मेटवर उडतोच. चालतं का?

फुटपट्टी

डीईईटी असलेला स्प्रे काही प्लॅस्टिक खरंच विरघळवतो. कवच चिकट किंवा धुरकट दिसलं की समजावं. हेल्मेट काढून बाजूला ठेवा, फवारा, हात धुवा, मग घाला. साफ करायला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. पेट्रोल, थिनर, स्पिरिट नको. सुटणारं अस्तर हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात बंद गाडीच्या काचेखाली तर अजिबात ठेवू नका, फोम उष्णतेने आकसतो आणि गोंद सुटतो.

बाद करायचं म्हणाल तर आत डोकं असताना मार बसला की त्याच दिवशी. बाहेर ओरखडाही नसेल, तरी आत फोम दबलेला असतो. काही कंपन्या अपघातानंतर नव्या हेल्मेटवर सवलत देतात, पावती जपून ठेवा. मार न बसताही बहुतेक उत्पादक खरेदीपासून पाचेक वर्षांत बदलायला सांगतात. रोज वापर आणि घाम असेल तर आधीच. पट्ट्याची शिवण उसवली, बक्कल 'टक' वाजून लागत नाही, अंगठ्याने दाबलं की फोम कवचापासून सुटा जाणवतो, यांपैकी काहीही दिसलं तरी बाद. बाद केलेल्याचा पट्टा कापून टाका, नाहीतर कुणीतरी उचलून घालतंच. जुनं विकत घेऊ नका, त्याचा इतिहास सांगायला कुणी येत नाही.

शंकासुर

आणि नुसतं हातातून फरशीवर पडलं तर? उत्पादक म्हणणार फेका, त्यांना विकायचंच असतं.

फुटपट्टी

रिकामं हेल्मेट पडलं तर त्यात डोक्याचं चार-पाच किलो वजन नसतं, त्यामुळे ऊर्जा बरीच कमी. गुडघ्याच्या उंचीवरून पडलं तर अस्तर काढून फोमला भेग आहे का ते नीट बघा. छातीच्या उंचीवरून काँक्रीटवर, त्यातही कडेवर पडलं तर बदला. सोय म्हणून ते खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर अडकवायची सवय आधी मोडा. पडतं ते तिथूनच.

धन्वंतरी२

एक गोष्ट राहिली. हेल्मेट कवटी फुटणं आणि मेंदूतला जीवघेणा रक्तस्राव यांचा धोका बराच कमी करतं. पण मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो तो पूर्ण थांबवत नाही. त्यामुळे 'हेल्मेट होतं ना, काही नाही झालं' म्हणून पुन्हा स्वार करू नका. 'पडलास तर लगेच परत बस, नाहीतर भीती बसेल' हा जुना सल्ला डोक्याच्या माराला लागू नाही. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, त्याच त्या प्रश्नांची पुनरुक्ती, उजेड सहन न होणं, नेहमीपेक्षा मंद बोलणं, यांतलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी घोडा बंद आणि डॉक्टर. एक-दोन दिवस आराम, मग पायरीपायरीने परत. लक्षणं काही तासांनी उगवू शकतात, म्हणून त्या रात्री एकटं सोडू नका.

वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटका, बेशुद्धी, एका बाजूला अशक्तपणा, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव, हे दिसलं तर वेळ न घालवता रुग्णवाहिका.

पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका. मान दुखावलेली असू शकते. श्वास नीट चालू असेल तर राहू द्या आणि डोकं दोन्ही हातांनी जसं आहे तसं स्थिर धरा. श्वास अडत असेल तरच काढा, दोघांनी मिळून: एकाने समोरून मान आणि जबडा आधारून धरायचा, दुसऱ्याने पट्टा कापून बाजू फाकवत काढायचं. म्हणून कात्री प्रथमोपचाराच्या पेटीत हवी.

दुडकीवाली

धन्वंतरी, 'चालीवर होतो, दौडत नव्हतो' हे कारण सांगणाऱ्यांसाठी पुरवणी. कोर्टनी किंग-डाय २००८ च्या ऑलिंपिकमधली ड्रेसाज स्वार. २०१० मध्ये सरावात घोडा स्वतःच्याच पायात अडखळून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कवटी फुटली आणि ती बरेच दिवस कोमात होती. घोडा उधळलेला नव्हता, अडथळा नव्हता. तिच्या अपघातानंतर रायडर्सफॉरहेल्मेट्स ही मोहीम उभी राहिली. दोन वर्षांनी लंडन ऑलिंपिकमध्ये शार्लट डुजार्डिनने हेल्मेट घालून ड्रेसाजचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा 'शोभत नाही' हे कारणही उरलं नाही.

खरारा

सर्वांचे आभार. नियमावलीत असं लिहितोय: दावणीच्या दोरीला हात लावण्याआधी बक्कल लागलेलं. ट्रेलर, लंजिंग, कुरणात सोडणं, मागचे खूर, इंजेक्शन, केस कापणं यांना सक्ती प्रौढांनाही. अठराखालच्यांना तबेल्याच्या दारापासूनच.

नुसत्या खराऱ्याचं काय, यावर अजून एकमत नाही. शंकासुर, तुमची हरकत नोंदवून ठेवली आहे.

शंकासुर

पुठ्ठ्याच्या मागचा आणि पोटाखालचा खरारा सक्तीत घ्या, मान-पाठ ऐच्छिक ठेवा. आणि हेल्मेटाच्या आत घालायचं घाम टिपणारं अस्तर माणशी दोन द्या. एक वाळेपर्यंत दुसरं. ओलं अस्तर कुणीच घालत नाही, मग हेल्मेटही घालत नाही.

पिछाडी

हे मान्य. नालबंद येतो त्या दिवशी घोडा धरणारालाही लागू करा. तो पुढ्यात उभा असतो आणि सगळे पायाकडे बघत असतात.